एफएबीपी मेदाम्ल केंद्रकात 'पोचवतं' म्हणजे नक्की काय करतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते. काही चुकीचं समजले असेन तर लगेच टोका. तुम्ही इथेच नाशिकला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात. प्रकल्पासाठी एफएबीपी-४ या प्रथिनाला (एफएबीपी म्हणजे फॅटी ॲसिड बाइंडिंग प्रोटीन, मेदाम्ल धरून ठेवणारं प्रथिन) जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची शेपटी जोडून ते कॉस-७ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींत घातलंत. तुम्ही वाचलं होतं की मेदाम्ल, म्हणजे प्रयोगशाळेत आपण सगळे ज्याला फॅटी ॲसिड म्हणतो ते, हाताशी आलं की हे प्रथिन पेशीद्रवातून उठून केंद्रकात जातं आणि तिथल्या पीपीएआर-गॅमा या रिसेप्टरच्या (रेणू मिळाला की जनुकांना चालना देणाऱ्या प्रथिनाच्या) ओंजळीत ते टाकतं. पण तुमच्या स्लाइडवर मेदाम्ल न दिलेल्या पेशींचीही केंद्रकं हिरवीगार दिसतायत. त्यातून तुम्हाला दुसरी शंका आली, आणि ती खरंच चांगली आहे: जेमतेम १५ किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं माप) प्रथिन केंद्रकाच्या रंध्रातून असंही आरपार जाणार, मग आत जायला त्याला 'सिग्नल' लागतोच कशाला? गाईड म्हणतात प्रयोग फसला. तुम्हाला वाटतंय पुस्तकात चुकीचं लिहिलंय.

मला विचाराल तर दोन्ही नाही. घोळ 'पोचवतं' या क्रियापदाने घातलाय. ते ऐकलं की डोळ्यांसमोर पोस्टमन येतो. तो ऑफिसात बसलेला असतो, पत्र हातात पडलं की निघतो, दारात देतो आणि परत येतो. पत्र नसेल त्या दिवशी तो तुमच्या गल्लीत दिसायलाच नको. तुम्ही नेमकी हीच अपेक्षा स्लाइडकडून केलीत. एफएबीपी तसं वागत नाही. त्याच्या येरझाऱ्या मेदाम्ल असो-नसो चालूच असतात. मेदाम्लामुळे बदलतं ते एवढंच, की ते आत किती वेळ रेंगाळतं आणि कुणाशी गाठ पडल्यावर हात मोकळे करतं.

मुळात हा वाहक लागतोच कशाला, हे थोडक्यात सांगते. मेदाम्लाची लांब शेपटी पाण्याला जुमानत नाही. रक्तात ते अल्ब्युमिनच्या अंगावर बसून फिरतं. पेशीत शिरल्यावर अल्ब्युमिन सुटतं आणि सुटं मेदाम्ल एक तर पटलांना (मेम्ब्रेनना) चिकटतं, नाही तर जास्त झालं तर साबणासारखं वागून त्याच पटलांना त्रास देतं. १९७२ मध्ये रॉबर्ट ऑकनर आणि सहकाऱ्यांनी आतड्याचं अस्तर, यकृत आणि हृदयस्नायू यांच्या पेशीद्रवात मेदाम्ल धरून ठेवणारं एक लहानसं प्रथिन असल्याचं दाखवलं. पुढे कळलं की ते एकटं नाही, अख्खं घराणं आहे. यकृतातलं एफएबीपी-१, आतड्यातलं २, हृदयातलं ३, चरबीच्या पेशींतलं ४, त्वचेतलं ५, मेंदूतलं ७, अशी नावं पडली. त्या नावांवर फार विसंबू नका. 'चरबीतलं' ४ मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींमध्येही भरपूर असतं आणि 'त्वचेतलं' ५ तर जिथे शोधाल तिथे थोडंफार सापडतं. हृदयातलं ३ तुमच्या ओळखीच्या एखाद्या डॉक्टरांनाही माहीत असेल, कारण हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते फार लवकर रक्तात उतरतं आणि म्हणून त्याची तपासणी निघालेली आहे.

आता त्याचं रूप. आकृती पाठ करण्यापेक्षा निफाडकडच्या एखाद्या जुन्या घरातली कणगी डोळ्यांसमोर आणा. बांबूच्या कांबी विणून केलेली, मधे पोकळ. एफएबीपी तसंच आहे. बीटा प्रकारच्या दहा पट्ट्या एकमेकींना लागून विणल्यासारख्या वळलेल्या, आत पोकळी आणि तोंडावर दोन छोट्या आल्फा सर्पिलांचं झाकण. मेदाम्ल त्या पोकळीत वाकून बसतं. एफएबीपी-४ मध्ये त्याचं आम्लाचं टोक तळाशी आर्जिनिन १२६ आणि टायरोसिन १२८ या अमिनो आम्लांच्या पकडीत असतं (आकडा म्हणजे प्रथिनाच्या माळेतलं स्थान). झाकणाजवळ फिनिलॲलॅनिन ५७ दारावरच्या माणसासारखं उभं असतं. हे झाकण आणि हा दारवान लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथेच आहे. आणि हो, यकृतातलं एफएबीपी-१ या घराण्यात जरा वेगळं. त्याच्या पोकळीत दोन मेदाम्लं मावतात.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे. केंद्रकाच्या रंध्रातून साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतची प्रथिनं कुणाच्या मदतीविना जातात, हे बरोबर. (ही काही भिंत नव्हे. आकार वाढत गेला की वाट हळूहळू अवघड होत जाते, एवढंच.) तेव्हा १५ किलोडाल्टनचं एफएबीपी आत जाऊच शकणार नाही असं कुणी म्हणत नाही. रविवार कारंजावरून भांडी बाजाराकडे जाणाऱ्या गल्ल्या आठवा. ट्रक आत जात नाही, पण चालत जाणाऱ्याला कोण अडवतं? तरी दुपारी चार वाजता त्या गल्लीत किती माणसं असतील, हे फक्त 'आत जाता येतं का' यावर ठरत नाही. जाणारा लगेच बाहेर पडतो की दुकानात टेकतो, यावर ठरतं.

नुसत्या विसरणाने, म्हणजे डिफ्युजनने, काय होईल? आतबाहेर सारखंच प्रमाण होईल. त्याहून जास्त आत हवं असेल तर तीनच मार्ग: आत घेणाऱ्या यंत्रणेने धरून न्यायचं, आत कशाला तरी अडकवून ठेवायचं, किंवा बाहेर काढणारा मार्ग मंद करायचा. सिग्नल लागतो तो या कामासाठी. 'परवाना' म्हणून नव्हे, तर पारडं एका बाजूला झुकवण्यासाठी.

२००७ मध्ये नोआ नॉय यांच्या गटाने एफएबीपी-४ वर जे काम प्रसिद्ध केलं ते तुम्ही मुळातून वाचाच. दोन गोष्टी त्यातून निघाल्या. एक, हे प्रथिन केंद्रक आणि पेशीद्रव यांच्यात सतत ये-जा करत असतं आणि पीपीएआर-गॅमाला चालना मिळते ती या ये-जाचाच भाग म्हणून. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. त्याच्या अमिनो आम्लांच्या माळेत केंद्रकात जाण्याचा नेहमीचा सिग्नल शोधलात तर सापडत नाही. लायसिन-आर्जिनिन ओळीने बसलेली असतात तसं काही त्यात नाही. पण माळ घडी घालून कणगी झाली की झाकणाच्या त्या दोन सर्पिलांवर लायसिन २१, आर्जिनिन ३० आणि लायसिन ३१ शेजारीशेजारी येतात. तीन वेगवेगळ्या जागांचे धनभार एकत्र येऊन सिग्नल तयार होतो. बाहेर पडण्याचा सिग्नलही असाच विखुरलेला आहे: ल्युसिन ६६, ८६ आणि ९१.

माझ्याकडे एकदा एक मुलगी चेहरा पाडून आली होती. तिने प्रथिनाचा क्रम संगणकावर टाकला, प्रोग्रॅमने 'सिग्नल नाही' असं उत्तर दिलं आणि तिने प्रबंधात तसंच लिहून टाकलं. प्रोग्रॅम खोटं बोलला नव्हता, तो फक्त सरळ रेषेत वाचत होता. क्रम वाचून घडीतलं शेजारपण कळत नाही. तुमच्याही गाईडना हे दाखवा, कदाचित त्यांचा प्रश्न तिथेच सुटेल.

आता मेदाम्ल काय करतं? एफएबीपी-४ कितीतरी वेगवेगळ्या रेणूंना जवळपास सारख्याच घट्टपणे धरतं, पण केंद्रकाकडे ते झुकतं ते त्यांतल्या काहींमुळेच. लिनोलेइक आम्लाने झुकतं. ट्रोग्लिटाझोन या मधुमेहाच्या जुन्या औषधानेही झुकतं (यकृताला इजा होते म्हणून ते पुढे बाजारातून काढलं गेलं). असा 'चालणारा' रेणू पोकळीत बसला की दारवान फिनिलॲलॅनिन आत वळून दार लावून घेतं, पोकळी किंचित आकसते, झाकणाची सर्पिलं जराशी सरकतात आणि मघाचे ते तीन धनभार उघड्यावर येतात. स्फटिकांत दोन-दोन रेणू जोडीने बसलेले दिसतात आणि त्या जोडीत हा सिग्नल झाकला जातो. चालणारा रेणू मिळाला की जोडीची ठेवण बदलते आणि सिग्नल मोकळा होतो, असं ते चित्र आहे. खऱ्या पेशीत ही जोडी किती टिकते, यावर मी पैज लावणार नाही.

त्यातला एक बारकावा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. झाकणाची ती हालचाल मेदाम्ल 'घडवून आणत' नाही. रिकाम्या प्रथिनाचं झाकणही आपलं आपण हलत असतंच, कधी या ठेवणीत तर कधी त्या. योग्य रेणू आत बसला की तो त्यातल्या एका ठेवणीला खिटी लावतो. वाऱ्याने दार हलत असतं, आपण ते उघडत नाही, फक्त हव्या त्या जागी खिटी घालतो. म्हणजे रिकामं प्रथिनसुद्धा काही क्षण 'आत जाणाऱ्या' ठेवणीत असतंच. मेदाम्ल न देताही तुम्हाला केंद्रकात थोडा हिरवा रंग दिसणं, यात पुस्तकाच्या विरुद्ध काहीच नाही. प्रश्न 'दिसतं का' हा नाही, 'किती वाढतं' हा आहे.

एफएबीपी-५ ची गोष्ट अशीच आहे. तिथे ती तीन अमिनो आम्लं लायसिन २४, आर्जिनिन ३३ आणि लायसिन ३४. लिनोलेइक आणि ॲराकिडोनिक यांसारखी दुहेरी बंधांची, बाक असलेली मेदाम्लं झाकणाला आधार देतात आणि प्रथिन केंद्रकाकडे झुकतं. संपृक्त मेदाम्लं त्याच पोकळीत बसतात, पण नेत नाहीत. उलट जागा अडवून बसतात. इथे माझ्या घरचे लगेच विचारतात, मग शेंगदाण्याचं तेल खायचं की नाही? शेंगदाणा तेलात ओलेइक आणि लिनोलेइक आम्ल भरपूर असतं हे खरं. पण कढईतल्या तेलापासून पेशीतल्या एका प्रथिनाच्या झाकणापर्यंत पचन, यकृत, अल्ब्युमिन आणि पेशीची स्वतःची चयापचयाची मर्जी असे इतके नाके आहेत, की या माहितीवरून फोडणीचं तेल बदलणाऱ्याला मी तरी सल्ला देणार नाही.

इथवर फक्त 'जाणं' झालं, 'देणं' अजून बाकी आहे. पीपीएआर हा रिसेप्टरांचा गट १९९० मध्ये इसेमान आणि ग्रीन यांनी पहिल्यांदा समोर आणला. पीपीएआर बहुतेक करून केंद्रकातच बसलेला असतो, आरएक्सआर या जोडीदारासोबत, डीएनएवर ठरलेल्या जागी. लिगँड, म्हणजे रिसेप्टरमध्ये बसणारा रेणू, मिळालं की त्याच्याभोवतीची दाबून ठेवणारी प्रथिनं सुटतात, मदतनीस प्रथिनं येऊन चिकटतात आणि मेदाच्या चयापचयाची जनुकं जोरात वाचली जातात. २००२ मध्ये नॉय यांच्याच गटाने दाखवलं की जोड्या ठरलेल्या आहेत: एफएबीपी-४ ची गाठ पीपीएआर-गॅमाशी, ५ ची पीपीएआर-डेल्टाशी. त्याच्या आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, वोल्फ्रुम आणि स्पेनर यांच्या गटाने यकृताच्या हेपजी-२ पेशींत एफएबीपी-१ चं प्रमाण जितकं जास्त, तितकी पीपीएआर-आल्फाची चालना जास्त, असं दाखवलं होतं. दोन्ही ठिकाणी मुद्दा एकच: मेदाम्ल पाण्यात सोडून दिलं आणि ते रिसेप्टरला सापडलं, असं होत नाही. प्रथिन रिसेप्टरला प्रत्यक्ष टेकतं आणि माल हातोहात जातो.

हातोहात देणं या घराण्याला नवं नाही. पटलांशीही बरीच एफएबीपी तसंच करतात. पटलाला धडकायचं आणि धडकेतच मेदाम्ल सोडायचं. ३, ४, ५ अशी. यकृतातलं १ मात्र मेदाम्ल आधी पाण्यात सोडतं आणि मग ते पटलाकडे जातं. आणि पटलाशी ही धडक कुठल्या भागाने होते? त्याच झाकणाच्या सर्पिलांनी. म्हणून माझ्या वर्गात मी मुलांना फळ्यावर कणगी काढून झाकण तेवढं लाल खडूने रंगवायला सांगते.

आता हे सगळं कशाकशावर अवलंबून आहे ते सांगते, नाही तर तुम्ही 'एफएबीपी नेहमीच पीपीएआरला मदत करतं' असं लिहाल आणि तोंडी परीक्षेत कुणीतरी पकडेल.

पहिलं, पेशी कोणती. एफएबीपी-५ च्या बाबतीत २००७ मध्ये एक सुंदर कल्पना आली. रेटिनोइक आम्ल (अ जीवनसत्त्वापासून बनणारं) कुठे जाईल हे पेशीत दोन वाहकांपैकी कोण जास्त आहे त्यावर ठरतं. सीआरएबीपी-२ जास्त असेल तर ते आरएआर रिसेप्टरकडे जातं आणि पेशीची वाढ थांबते. एफएबीपी-५ जास्त असेल तर पीपीएआर-डेल्टाकडे जातं आणि पेशी तग धरते. कल्पना इतकी नेटकी की मीही काही वर्षं ती जशीच्या तशी शिकवली. पण रेटिनोइक आम्ल पीपीएआर-डेल्टाला खरंच चालना देतं का, यावर इतर प्रयोगशाळांना तसे निकाल मिळाले नाहीत. आता शिकवताना मी दोन्ही बाजू मांडते.

दुसरं, प्रमाण आणि वेळ. एफएबीपी-४ चं जनुक स्वतःच पीपीएआर-गॅमाच्या हुकमातलं आहे. म्हणजे वाहक रिसेप्टरला माल देतो, रिसेप्टर आणखी वाहक बनवतो. हे असंच चालू राहिलं तर थांबायचं कुठे? २०१४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात उलटंच दिसलं: एफएबीपी-४ मुळे पीपीएआर-गॅमा मोडीत निघतो, त्याची विल्हेवाट लावली जाते. दोन्ही खरं असू शकतं. सुरुवातीला चालना, नंतर लगाम. तुम्ही चोवीस तासांनी पाहिलंत की चार दिवसांनी, यावर तुमचं उत्तर फिरेल.

तिसरं, घराण्यातले भाऊ एकमेकांची कामं उचलतात. १९९६ मध्ये एफएबीपी-४ नसलेले उंदीर तयार केले गेले. तेलकट आहारावर ते लठ्ठ झाले, पण इन्सुलिनला दाद न देण्याची जी अवस्था अपेक्षित होती ती त्यांच्यात आली नाही. त्यांच्या चरबीत एफएबीपी-५ मात्र वाढलेलं होतं. त्यामुळे एक वाहक काढून 'काही फरक नाही' असं दिसलं, तर वाहक बिनकामाचा ठरत नाही. जागा दुसऱ्याने भरली असेल.

आणि चौथं, जे पुस्तकं सहसा सांगत नाहीत. मेदाम्लाला केंद्रकाकडे जायला आणखी एक वाट आहे. केंद्रकाचं बाहेरचं पटल अंतर्द्रव्य जालिकेशी सलग असतं. मेदाम्ल पटलातून पटलात घरंगळत तिथपर्यंत जाऊ शकतं. तेव्हा 'एफएबीपी नसेल तर केंद्रकाला मेदाम्ल मिळणारच नाही' हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधात खोडते. एफएबीपीमुळे ठरावीक मेदाम्ल ठरावीक रिसेप्टरला नेमकं मिळतं, इतकंच म्हणा.

थोडक्यात, 'पोचवतं' म्हणायचं तर तीन गोष्टी वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात: प्रथिनाने मेदाम्ल धरलं, त्यामुळे केंद्रकातलं त्याचं प्रमाण बदललं, आणि रिसेप्टरचं काम त्यामुळेच वाढलं. तुमच्याकडे सध्या दुसरीचा अर्धा तुकडा आहे.

आता स्लाइड. जीएफपी स्वतः २७ किलोडाल्टनचं, एफएबीपी-४ १५ चं, जोडून ४२. म्हणजे रंध्राच्या मोकळ्या वाटेच्या अगदी उंबरठ्यावर. शेपटी कापली जाऊन नुसतं जीएफपी सुटं झालं असेल तर ते आरामात आत जाणार, आणि सूक्ष्मदर्शकातून केंद्रक सहसा पेशीद्रवापेक्षा उजळच दिसणार, कारण पेशी तिथे जाड असते आणि जीएफपीला बाजूला सारणारे मायटोकाँड्रियासारखे भाग तिथे नसतात. म्हणून सगळ्यात आधी नुसत्या जीएफपीची स्लाइड त्याच दिवशी, त्याच पेशींत करा. तुमच्या एफएबीपीचं केंद्रक-पेशीद्रव गुणोत्तर त्याच्याशी ताडून बघा. दुसरीकडे पेशींचा रस वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) चालवून जीएफपीच्या अँटिबॉडीने पट्टा ४२ वर आहे की २७ वर, ते पाहा. माझ्या अनुभवात अर्ध्या 'आश्चर्यकारक' स्लाइडींचं कोडं इथेच सुटतं.

डोळ्यांनी 'जास्त हिरवं' ठरवू नका. निदान पन्नास पेशी मोजा, कुठल्या पेशीला काय दिलंय हे न सांगता मैत्रिणीला मोजायला लावा. आणि फार उजळ पेशी सोडून द्या. ज्या पेशीत प्रथिन ठासून भरलंय तिथे झाकण, दारवान, खिटी यांना काही अर्थ उरत नाही, सगळीकडे पूर आलेला असतो.

'मेदाम्ल दिलं नाही' असं तुम्ही म्हणता, पण माध्यमात सिरम आहे ना? सिरममध्ये अल्ब्युमिन आणि त्याच्या अंगावर मेदाम्लं असतात. तुमच्या पेशी न मागता जेवून बसल्यात. कोळशाने धुतलेलं सिरम वापरा, किंवा काही तास सिरमशिवाय ठेवा. मग मेदाम्ल द्या ते मेदाम्लरहित अल्ब्युमिनला बांधून, आणि कंट्रोलला तेवढंच रिकामं अल्ब्युमिन. मी मेदाम्ल-अल्ब्युमिन गुणोत्तर दोनास एकच्या वर सहसा नेत नाही. त्यापुढे पेशी नाराज होतात आणि तुम्ही सिग्नल नव्हे, त्यांची तक्रार मोजता.

यावरून माझीच एक फजिती सांगते. नाशिकला बाहेरून येणारा 'द्राक्षांचं गाव' एवढंच ऐकून येतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इथे काय थंडी पडते हे त्याला नंतर कळतं. ओलेइक आम्ल साधारण १३ अंशांना गोठतं. आमची बाटली उत्तरेच्या खिडकीजवळच्या फळीवर. ती स्वस्तातली, पूर्ण शुद्ध नसलेली होती. सकाळी अर्धी गोठलेली आणि मी घाईत वरचा पातळ भाग उचलून प्रयोग लावला. ओलेइक आधी गोठतं, भेसळीतलं लिनोलेइक पातळच राहतं. म्हणजे मी जे उचललं त्यात लिनोलेइक चांगलंच जास्त. हिवाळाभर एफएबीपी-५ केंद्रकात झकास जमा होत होतं, उन्हाळ्यात ते निम्म्यावर आलं. तीन आठवडे मी पेशींना, सिरमला आणि इन्क्युबेटरला दोष देत बसले. शेवटी चूक बाटलीची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मेदाम्ल ३७ अंशांना पूर्ण पातळ करून, हलवून मगच उचलायचं आणि नायट्रोजनखाली छोट्या कुप्यांत ठेवायचं, हा नियम. पामिटिक तर ६३ अंशांपर्यंत वितळतही नाही. ते गरम करून क्षारात (अल्कलीत) विरघळवून गरम असतानाच अल्ब्युमिनमध्ये थेंब थेंब घाला, आणि गढूळ दिसलं तर सरळ फेकून द्या.

जीएफपी टाळून अँटिबॉडीने रंगवायचं ठरवलंत तर फॉर्मॅल्डिहाइडने पेशी आधी पक्क्या करा, पटलांना भोकं पाडणारं ट्रायटन नंतर. उलटं केलंत तर इतकं लहान प्रथिन वाहून जातं आणि उरलंसुरलं केंद्रकाला चिकटून भलतंच चित्र देतं. पेशी फोडून केंद्रकं वेगळी काढायच्या पद्धतीवरही माझा फारसा भरवसा नाही. तुम्ही सेंट्रिफ्यूज लावेपर्यंत छोटी प्रथिनं रंध्रांतून बाहेर पडलेली असतात. ट्युब्युलिन (पेशीद्रवाची खूण) आणि लॅमिन (केंद्रकाची खूण) यांच्या पट्ट्यांवरून तुमची विभागणी स्वच्छ दिसेल आणि एफएबीपी तरी हरवलेलं असेल.

मग पुढे काय, तर माझ्या मते दोन प्रयोग. लेप्टोमायसिन-बी बाहेर काढणारी यंत्रणा अडवतं. ते दिल्यावर मेदाम्लाविनाच केंद्रकात एफएबीपी-४ साठत गेलं, तर ते येरझाऱ्या घालत होतं आणि फक्त बाहेर पडणं अडलं, हे तुमच्या हातात येईल. औषध महाग आहे, थेंबाथेंबाने लागतं, ओळखीच्या प्रयोगशाळेकडून उसनं मागा. दुसरा, सिग्नलच्या त्या तीन अमिनो आम्लांच्या जागी धनभार नसलेलं ॲलॅनिन घातलेलं प्रथिन. प्रायमर मागवून, प्लाझ्मिड बदलून, क्रम तपासून महिना जाईल, पण हा प्रयोग तुमचा कणा ठरेल. बदललेलं प्रथिन मेदाम्ल धरतं, तरी लिनोलेइकने केंद्रकाकडे झुकत नाही असं दिसलं, तर 'जाणं' आणि 'धरणं' वेगळं झालं. मग त्याच दोन प्रथिनांसोबत पीपीएआर-गॅमा आणि लुसिफेरेजचा रिपोर्टर (रिसेप्टरला चालना मिळाली की प्रकाश देणारं जनुक) घाला. जोडीला पीपीएआर-गॅमा अडवणारं जीडब्ल्यू-९६६२. प्रकाश नेहमीच्या प्रथिनाने वाढला, बदललेल्याने वाढला नाही आणि जीडब्ल्यूने पडला, तर 'देणं'ही आलं. कॉस-७ या दोन्हीसाठी ठीक आहेत, कारण त्यांच्यात स्वतःचं एफएबीपी-४ आड येत नाही. ३टी३-एल१ घ्यायचा मोह होईल, चरबीच्या खऱ्या पेशी म्हणून, पण एकदा त्या पिकल्या की त्यांच्यात एफएबीपी-४ इतकं असतं की तुमचं हिरवं त्यात हरवतं.

चमकणारं, रंग जोडलेलं मेदाम्ल देऊन त्याचाच पाठलाग करायची कल्पना तुम्ही शेवटी लिहिलीय. एकदा करून बघा, चित्रं छान येतात. पण त्या रंगाचा गोळा मेदाम्लाच्या शेपटीएवढाच असतो आणि झाकणाची ती बारीक हालचाल अशा पाहुण्याने तशीच होईल याची हमी नाही. त्याच्यावर निष्कर्ष बांधू नका.

गाईडना काय सांगायचं? प्रयोग फसलेला नाही, कंट्रोल कमी पडलेत. प्रबंधात सध्या 'एफएबीपी-४ केंद्रकात जातं' ऐवजी 'केंद्रकातलं प्रमाण बदलतं का, हे तपासलं' असं लिहा. नुसत्या जीएफपीची स्लाइड आणि ब्लॉट या आठवड्यात झाला तर गुणोत्तरांचे आकडे इथेच टाका, मी बघते. आणि ओलेइकची बाटली खिडकीपासून लांब ठेवा. यंदा थंडी लवकर पडलीय.